सायलेन्सर बदलताना ऑक्सिजन सेन्सर: काय करावे, काय टाळावे

वीसेक पावसाळे काढलेल्या गाडीचा सायलेन्सर एके दिवशी तळातून फुटतो. मग मालकाच्या मनात येतं, बदलायचाच आहे तर स्टेनलेस स्टीलचा चांगला करून घेऊ, जमलं तर मॅनिफोल्डच्या जागी हेडरही बसवू. एस्टीम, पहिली सिटी, आयकॉन, लान्सर, पॅलिओ जिवापाड सांभाळणाऱ्या बहुतेकांची गोष्ट इथूनच सुरू होते. पाइपाचं माप, आवाज, वेल्डिंग यावर तासन्‌तास बोलणं होतं. मॅनिफोल्डच्या तोंडाशी बसलेल्या अंगठ्याएवढ्या ऑक्सिजन सेन्सरची आठवण मात्र अगदी शेवटी येते, तीही ‘जुनाच लावून टाक’ एवढ्यापुरती. माझं सांगणं नेमकं उलटं आहे. आधी सेन्सरची जागा ठरवा, मग त्याच्या सोयीने सायलेन्सर बांधा.

हा सेन्सर करतो काय, ते थोडक्यात. त्याच्या टोकाला झिर्कोनियाची, म्हणजे एका प्रकारच्या चिनीमातीची, छोटी टोपी असते. टोपीच्या बाहेरून इंजिनाचा धूर वाहतो आणि आत साधी हवा असते. दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकावर तो व्होल्टेज तयार करतो. पेट्रोल जास्त पडत असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, कमी पडत असेल तर ०.१. एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा हे प्रमाण जुळलं, की काटा ०.४५ च्या आजूबाजूला खालीवर होत राहतो. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्यावरूनच क्षणोक्षणी पेट्रोल कमी-जास्त करतो. बॉशचा हा सेन्सर १९७६ साली पहिल्यांदा व्होल्वोच्या गाडीत बसून बाजारात आला. त्याची एक अट तेव्हापासून आजपर्यंत तशीच आहे: सुमारे तीनशे अंश सेल्सियसला तापल्याशिवाय तो बोलत नाही. सायलेन्सर बदलला की ही उष्णता आणि आजूबाजूची हवा, दोन्ही बदलतात. खालचं सगळं त्यातूनच येतं.

खरेदीला जाण्याआधी

करा: गाडीखाली वाकून सेन्सर आहे का, कुठे आहे आणि किती वायरींचा आहे, ते स्वतः बघा. आपल्याकडे १९९५ साली चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट, सक्तीचा झाला. भारत स्टेज दोन हा प्रदूषणाचा नियम मुंबईत २००१ साली आला आणि देशभर २००५ साली. त्यामुळे या मधल्या काळातल्या गाड्यांत एकाच मॉडेलच्या दोन वर्षांतही फरक सापडतो. मित्राच्या गाडीवरून अंदाज बांधू नका.

करा: सेन्सरच्या अंगावर कोरलेल्या नंबरावरची धूळ पुसून, त्याचा फोटो काढून जवळ ठेवा. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउसच्या बाजारात दुकानदाराला गाडीचं नाव सांगण्यापेक्षा हा नंबर दाखवलेला बरा. नावावरून तो जवळपासचं काहीतरी देईल, नंबरावरून नेमकं तेच.

करा: जुना सेन्सर किती चाललाय ते बघून निर्णय घ्या. एक किंवा दोन वायरींचा, आत हीटर नसलेला सेन्सर पन्नास ते ऐंशी हजार किलोमीटरमध्ये म्हातारा होतो. हीटरवाला तीन-चार वायरींचा साधारण लाखभर चालतो. तुमच्या गाडीने दीड लाख ओलांडले असतील आणि सेन्सर कंपनीतून आलेलाच असेल, तर नव्या सायलेन्सरवर तो चढवण्यात काही अर्थ नाही. तो बंद पडलेला नसतो, सुस्त झालेला असतो. खालीवर व्हायला वेळ लावतो. आणि असा सुस्त सेन्सर चेक इंजिनची लाइट न लावता पेट्रोल पीत राहतो.

टाळा: आटे जुळले म्हणून कुठलाही सेन्सर बसवणं. बहुतेक सेन्सरचे आटे सारखेच, १८ मिलिमीटरचे आणि १.५ पिचचे असतात. तेवढ्यावर जाऊ नका. टायटानियाचा सेन्सर व्होल्टेज तयार करत नाही, त्याचा फक्त रोध बदलतो. वाइडबँड सेन्सरचं गणितच निराळं. झिर्कोनियाच्या जागी यांतला कुठलाही बसवला, तर ईसीयूला त्याची भाषाच कळणार नाही.

टाळा: स्क्रॅपमधून आणलेला सेन्सर. कुर्ल्याच्या बाजारातून दरवाजा आणा, आरसा आणा, अगदी गिअरबॉक्ससुद्धा तपासून आणता येतो. सेन्सर कशातून निघालाय, तेल जाळणाऱ्या इंजिनातून की पाणी पिणाऱ्या, हे त्याच्या तोंडावरून कळेलच असं नाही.

जुना सेन्सर काढताना

करा: इंजिन कोमट असताना काढा. गार लोखंड आटे धरून ठेवतं, लालबुंद लोखंडात आटे फाटतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. २२ मिलिमीटरचा, बाजूने चीर असलेला सेन्सरचा खास बॉक्स पाना मिळतो. चिरेतून वायर बाहेर येते आणि पाना पूर्ण बसतो. साध्या फिक्स पान्याने नटाचे कोपरे गोल होतात आणि मग गॅस कटर काढण्याची वेळ येते.

करा: निघालेलं टोक उजेडात धरून बघा. गाडीच्या तब्येतीचा इतका खरा दाखला दुसरा नाही. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त पडतंय. तपकिरी, तेलकट थर असेल तर इंजिन तेल जाळतंय. पांढरी, खरखरीत भुकटी दिसली, तर सिलिकॉन किंवा कूलंट आत शिरलंय. त्यात रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. जे कारण दिसेल ते दूर केल्याशिवाय नवा सेन्सर बसवलात, तर काही महिन्यांत तोही तसाच होईल. तेल जाळणाऱ्या इंजिनाला आधी रिंग-पिस्टनचं काम लागतं, हेडर नंतर.

पाइप बांधताना

इथे जास्त वेळ द्या. पुढचं सगळं बरं-वाईट या तासाभरात ठरतं.

करा: सेन्सरची जागा चारही सिलिंडरचा धूर एकत्र येतो तिथे, जोडाच्या लगेच पुढे घ्या. फोर-टू-वन हेडरमध्ये चार पाइपांचे दोन आणि दोनाचा एक होतो. सेन्सर या शेवटच्या जोडापाशी यायला हवा. एकाच सिलिंडरच्या पाइपात बसवला, तर तो एकट्याची खबर देईल आणि ईसीयू तीच चौघांना लावेल. एक इंजेक्टर जरा चोंदला असेल तर हा हिशेब फारच चुकतो.

करा: लांब हेडर बसवताय आणि सेन्सर एक वायरीचा आहे? मग हीटरवाला सेन्सर घ्या. बिनहीटरचा सेन्सर मॅनिफोल्डला चिकटून होता म्हणून तापत होता. तो हात-दीड हात मागे गेला की सिग्नलवर उभ्या गाडीत गार पडतो. आणि तो गार पडला की ईसीयू त्याचं ऐकणं सोडून ठरावीक मापाने पेट्रोल टाकू लागतो. हीटरला फ्यूज आणि रिले लावून, इंजिन चालू असतानाच सुरू राहील अशा लाइनवरून वीज द्या. अर्थची वायर थेट इंजिनाच्या अंगाला न्या. एक वायरीचा सेन्सर पाइपाच्या लोखंडातून अर्थ घेतो; मधे नवी गॅस्केट आणि गंजलेले बोल्ट आले की तो अर्थही कच्चा होतो.

करा: सेन्सर पाइपाच्या वरच्या अर्ध्या भागात बसवा, आडव्या रेषेपेक्षा निदान दहा अंश वर, टोक खाली झुकलेलं. पाइपात रोज सकाळी पाणी साठतं, हे गार गाडी सुरू केल्यावर मागून ठिबकणाऱ्या थेंबांत सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ते पाणी टोपीपर्यंत पोचता कामा नये.

हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्या २००२ च्या एस्टीमला एका वर्कशॉपमध्ये नवा सायलेन्सर केला. वरून पाना जात नाही म्हणून कारागिराने सेन्सरची जागा पाइपाच्या पोटाला, खालच्या अंगाला घेतली. मीही ‘असू दे’ म्हटलं. उन्हाळाभर गाडी छान चालली. जुलैत कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला, गाडी घर ते मंडई आणि मंडई ते घर एवढीच फिरू लागली, पाइप कधी पुरता तापेचना. लिटरला चौदा देणारी गाडी दहावर आली आणि मागच्या बंपरवर काजळी दिसू लागली. सेन्सर काढून कानाजवळ धरून हलवला, तर शेंगेत चिंचोका खुळखुळावा तसा आवाज. तापलेल्या चिनीमातीवर पाण्याचा थेंब पडला होता आणि टोपी तडकली होती. चार महिन्यांत नवा सेन्सर गेला. पुढे कोल्हापुरातल्याच शिवाजी उद्यमनगरात एका लेथवर नवा बुश, म्हणजे सेन्सर ज्यात फिरवून बसतो ती पाइपाला वेल्ड करायची आट्यांची कडी, काढून घेतला. त्या टर्नरने आटे पाडल्यावर सेन्सर हाताने, पाना न लावता, शेवटपर्यंत फिरवून दाखवला आणि मगच बुश माझ्या हातात दिला. तुमचाही बुश असाच तपासून घ्या: नुसत्या बोटांनी सेन्सर तळापर्यंत गेला पाहिजे.

करा: बुशची जाडी अशी ठेवा, की सेन्सरचं छिद्रांचं टोक धुराच्या प्रवाहात येईल. बुश उंच झाला तर टोक खड्ड्यात लपतं आणि शिळा धूर चाखत बसतं.

टाळा: सेन्सर लावलेला ठेवून वेल्डिंग. उष्णता, शिंतोडे आणि करंट, तिन्ही त्याला मारतात. बुशमध्ये जुना निकामी सेन्सर किंवा प्लग घट्ट बसवा, म्हणजे आटेही वाकणार नाहीत. गाडीवरच वेल्डिंग होणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि वेल्डिंगचा अर्थ जोडाच्या जवळ लावा. ईसीयू आणि अल्टरनेटर वाचतात.

टाळा: जोडावर लाल किंवा काळं सिलिकॉन थापणं. गळतीवर आपल्याकडचा हा हमखास इलाज, आणि सेन्सरचं हेच विष. वाळताना व्हिनेगरसारखा आंबूस वास सोडणारं सिलिकॉन सगळ्यांत वाईट; त्याची वाफ टोपीवर काचेसारखा थर धरते. टॅपेट कव्हरला लावलेलंसुद्धा ब्रीदरच्या नळीतून इंजिनात आणि तिथून सेन्सरवर पोचतं. ‘सेन्सर सेफ’ लिहिलेलं घ्या, तेही चिमूटभर. एक्झॉस्टच्या जोडाला तर धातूची गॅस्केटच हवी.

टाळा: पाइप उगाच जाड करणं. १.३ लिटरच्या इंजिनाला दोन इंचांच्या वर जाण्याचं काहीच कारण नाही. धूर मंदावतो, लवकर गार होतो, खालच्या आरपीएमची ओढ जाते आणि सेन्सरला तापायला वेळ लागतो.

टाळा: हेडरला गुंडाळायच्या पट्टीत सेन्सरलाही गुंडाळणं. टोक तापायला हवं. वायर निघते ती शेपटीकडची बाजू गार राहायला हवी. तिथलं रबर अडीचशे अंशांच्या पुढे टिकत नाही.

वायरिंग करताना

टाळा: सेन्सरच्या वायरीला डाग देणं. तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा बऱ्याच सेन्सरमध्ये वायरीच्या तारांमधूनच आत जाते. सोल्डर त्या फटी बुजवतो आणि सेन्सर आतून गुदमरतो. वायर जोडावीच लागली तर क्रिम्प करा, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवा. कपलरवर ग्रीस किंवा क्लीनर मारू नका, त्याचंही कारण हेच.

करा: वायरींचा रंग बघून नाही, काम बघून जोडा. बॉशच्या चार वायरींत दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी अर्थची. डेन्सोत दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची आणि पांढरी अर्थची. म्हणजे एकाची काळी ईसीयूला सिग्नल देते आणि दुसऱ्याच्या काळीत बारा व्होल्ट असतात. ‘काळी ती काळीला’ असं जोडणाऱ्याने कित्येकदा नवा सेन्सर पहिल्याच किल्लीला जाळलेला आहे. शंका असेल तर मीटर घ्या: ज्या दोन वायरींत गार असताना काही ओहमचा रोध येतो, त्या हीटरच्या. हे मोजमाप हीटरपुरतंच ठेवा. सिग्नलच्या वायरीवर ओहम मोजायला गेलात तर मीटरचा करंट सेन्सरला इजा करतो.

करा: सीएनजी किट असेल तर किट बसवणाऱ्याला आधी विचारा. काही किटांची वायर सेन्सरच्या सिग्नलला मधेच जोडलेली असते. जुना कपलर कापून फेकला, की गाडी पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर झटके देणारी होते, आणि दोष सायलेन्सरला लागतो.

बसवताना

करा: आटे आधी हाताने फिरवा, मग टॉर्क पान्याने ४० ते ५० न्यूटन-मीटर. नव्या सेन्सरच्या आट्यांना कंपनीने लेप लावलेला असतो, त्यावर आणखी काही नको. जुनाच परत बसवत असाल तर सेन्सरला चालणारं अँटी-सीझ आट्यांपुरतं लावा. टोकाला बोटही लागू देऊ नका.

टाळा: हातातून पडलेला सेन्सर वापरणं. बाहेरून ओरखडाही नसेल, आतली टोपी तडकलेली असू शकते.

टाळा: कॅट काढून टाकणं, किंवा दोन सेन्सरच्या गाडीत मागचा सेन्सर नळी घालून बाहेर ओढून ईसीयूला फसवणं. आवाज आणि दोन-चार अश्वशक्तीसाठी आपण मागून चालणाऱ्या शाळकरी पोरांच्या नाकात काय सोडतो, याचा विचार करावा. कायद्यानेही ते जमत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनासारखे बदल करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी ठामपणे सांगितलं आहे. पंधरा वर्षांनंतर पुनर्नोंदणीला आरटीओत गाडी उभी राहते तेव्हा ती मूळ रूपाजवळची असलेली बरी. म्हणून मूळ मापाचा, कॅट जागेवर ठेवून, चांगल्या धातूचा सायलेन्सर हीच मला जुन्या गाडीची खरी सुधारणा वाटते.

बसवल्यावर

करा: गळती शोधा, तीही कानाने नव्हे, फेसाने. घरातला व्हॅक्यूम क्लीनर उलटा, हवा फेकणाऱ्या बाजूने, गार सायलेन्सरच्या तोंडाला फडक्याने लावा आणि हेडरपासून मागेपर्यंत प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे येतील तिथे गळती. सेन्सरच्या पुढची-मागची फूटभर जागा दोनदा तपासा. एक्झॉस्टमध्ये दाब सारखा नसतो, धूर झटक्याझटक्याने जातो आणि दोन झटक्यांच्या मधे बारीक फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडतंय आणि तो ओतू लागतो. असा रोगी दाखवला की पुष्कळ मेकॅनिक सेन्सर बदलतात, मग इंजेक्टर, मग ईसीयू. दोष असतो तो वीस रुपयांच्या गॅस्केटचा.

करा: बॅटरीची निगेटिव्ह दहा-पंधरा मिनिटं काढून ठेवा, म्हणजे जुन्या सेन्सरवरून ईसीयूने धरलेला अंदाज पुसला जाईल. म्युझिक सिस्टिमला कोड असेल तर तो आधी लिहून घ्या. नंतर चाळीस-पन्नास किलोमीटर गावात आणि हायवेवर मिळून चालवा आणि मगच गाडीबद्दल मत बनवा.

करा: डिजिटल मीटर सिग्नलच्या वायरीवर लावून तापलेलं इंजिन २५०० आरपीएमवर धरा. आकडा ०.१ आणि ०.९ च्या दरम्यान दहा सेकंदांत आठेक वेळा खालीवर झाला पाहिजे. ०.४५ ला चिकटून बसला, तर सेन्सर गार आहे किंवा वायर तुटलेली आहे. सतत ०.१ असेल तर आधी गळती शोधा.

टाळा: घाट उतरताना आकडा ०.१ वर गेला म्हणून घाबरणं. अॅक्सिलरेटर सोडून आंबा घाट उतरता तेव्हा ईसीयू पेट्रोल बंदच करतो. पाइपातून नुसती हवा जाते आणि सेन्सर खरंच बोलत असतो. पायथ्याला येऊन पाय दिलात, की तो परत नाचायला लागतो. अगदी पूर्ण पाय दाबलात तर आकडा ०.९ कडे थांबतो. तेही बरोबर.

टाळा: या सेन्सरवर भरवसा ठेवून ईसीयूचं ट्यूनिंग करणं. पेट्रोल जास्त की कमी एवढंच त्याला कळतं; किती जास्त, ते कळत नाही. त्यासाठी वाइडबँड लागतो, आणि त्याला दुसरा बुश लागतो. तो पाइप बांधतानाच पाडून प्लगने बंद करून ठेवा. वाइडबँड बसवलात तर त्याचा हीटर बंद ठेवून गाडी चालवू नका, काजळीने तो फार लवकर खराब होतो.

करा: पीयूसी काढताना नुसतं सर्टिफिकेट घेऊ नका, आकडे वाचा. भारत स्टेज दोन आणि तीनच्या पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएमपर्यंत चालतं. सेन्सर आणि कॅट ठणठणीत असेल तर गाडी या मर्यादेच्या खूप खाली राहते. काठावरचा आकडा आला तर पास झालो म्हणून खूश होऊ नका, परत गाडीखाली जा.

करा: हजार किलोमीटर झाल्यावर गाडी रॅम्पवर चढवा. हेडरचे नट एकदा तापून गार झाले की सैल पडतात, ते पुन्हा आवळा. सेन्सरच्या बुडाशी आणि प्रत्येक फ्लँजच्या कडेने टॉर्चचा उजेड टाकून बघा. धातूवर काळी रेघ उमटली असेल तर तिथून धूर निसटतोय. गॅस्केट बदला, आणि साबणाचं पाणी पुन्हा एकदा सोडून बघा.